ताटलीखालची वाटी

ती घटना आठवायला बसलो की आधी माणूस दिसत नाही, हवेत तरंगणारा कापूस दिसतो. अकोल्यातली आश्विनातली दुपार. पहिल्या वेचणीचा कापूस भरलेल्या गाड्या रस्त्यावरून जात, आणि त्यांतून सुटलेले पुंजके ठाण्याच्या आवारात येऊन कडुनिंबाखाली अलगद उतरत. मी तेव्हा त्या ठाण्याचा निरीक्षक होतो. पुढे मुदतीआधीच नोकरी सोडली आणि अमरावतीला राहायला आलो. का सोडली म्हणून विचारलं तर मी तब्येतीचं कारण सांगतो. ते खरं नाही.

खबर आणली रेल्वे स्टेशनबाहेरच्या चहावाल्याने. तो आमचा जुना खबऱ्या. कायदा त्याला कळत नसे, पण एखाद्या माणसाचं वागणं जागेला शोभत नसलं की ते त्याच्या नजरेतून सुटत नसे.

"सायेब, एक बुढा रोज दुपारी पुलावर येऊन राह्यला. फोटू काढते अन् कोणाले तं पाठवते."

मी म्हटलं, असतो काहींना रेल्वेचा शौक.

"शौक असता तं गाडीचा फोटू काढला असता ना. हा गाडी जाऊ देते, मंग काढते."

आमच्या मार्गावरून अधूनमधून लष्कराची वाहनं लादलेल्या गाड्या जात. त्यामुळे खबर हसण्यावारी नेता येईना. साध्या कपड्यातला माणूस मागे लावला. म्हातारा जठारपेठेत एका दुकानामागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होता, एकटाच. शेजारी त्यांना काकाजी म्हणत. तरुणपणी आखातात नोकरीला होते, अशी सगळ्यांची समजूत होती. त्यांच्या मोबाईलवर रोज दुपारी परदेशातून फोन येत होता. आम्ही रीतसर नोटीस देऊन त्यांना चौकशीला बोलावलं आणि पंचांसमक्ष मोबाईल ताब्यात घेतला.

त्यातले फोटो मी एकामागून एक पाहत गेलो. सगळे रिकाम्या रुळांचे. उन्हात वितळल्यासारखे दिसणारे रूळ, रुळांवर अडकलेला कापसाचा पुंजका, फलाटावर झोपलेलं कुत्रं, आणि दूरवर गाडी नुकतीच जिथे दिसेनाशी झाली असेल ती धुरकट जागा. पलीकडून कोणीतरी गाड्यांचे फोटो मागत होतं. काकाजी रोज रिकामे रूळ पाठवून खाली लिहीत होते, 'आज ज़रा देर हो गई.' मला हसू आलं. मग वाटलं, हा माणूस कोणालातरी खेळवतो आहे आणि हे काम त्याला चांगलं जमतं.

चौकशीत ते काहीच बोलेनात. सकाळी येत, माझ्यासमोर ताठ बसत, पाणी मागत, संध्याकाळी घरी जात. गप्प बसायचं शिक्षण घेतलेली माणसं मी त्याआधी फार पाहिली नव्हती. गुन्हेगार गप्प बसतो तेव्हा त्याचे हात बोलतात. यांचे हातही गप्प होते. दुपारी ड्रॉवरमध्ये मोबाईल थरथरायला लागला की तेवढी एकदाच नजर ड्रॉवरकडे जाई आणि फोन थांबेपर्यंत तिथेच राही. मी वरिष्ठांना अहवाल पाठवला. नागपूरहून पथक यायचं ठरलं. त्याआधी मला बोलणं काढायचं होतं.

ते काढलं आमच्या महिला हवालदाराने, आणि तेही नकळत. वऱ्हाडात आश्विनात घरोघरी भुलाबाई बसते. पोरी गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापतीचा झाकलेला डबा मधे ठेवून ओळखायला लावतात. ओळखल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. आमच्या हवालदारताई पोलीस लाइनीतल्या भुलाबाईचा डबा घेऊन आल्या आणि माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "वळखा बरं सायेब. नाई वळखलं तं सारा डबा शिपायायले."

मी कामात आहे म्हटलं. तेवढ्यात समोरून आवाज आला.

"गोड हाय का तिखट?"

काकाजी डब्याकडे पाहत होते. ताई गोंधळल्या, पण खेळ मोडू नये म्हणून म्हणाल्या, "गोड."

"कोरडं का ओलं?"

"कोरडं."

"मंग तिळाची वडी," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तोंडावरची रेषासुद्धा हलली नव्हती.

त्यानंतर ते बोलले ते स्वप्न सांगावं तसं, मधली मधली वाट गाळत. मूळचे नांदगाव खंडेश्वरकडचे. बहिणींच्या भुलाबाईत खिरापतीसाठी घोटाळणारा धाकटा भाऊ. ऐन तरुणपणी सरकारने त्यांना हेर म्हणून सीमेपलीकडे पाठवलं. दुसऱ्या नावाने, दुसऱ्या धर्माने तिथे कापडाचं दुकान थाटलं, लग्न झालं, मुलगी झाली. आश्विनातला चांदवा वाढायला लागला की ते मुलीसमोर ताटलीखाली वाटी झाकून ठेवत आणि तिला ओळखायला लावत. बायकोला वाटे, नवऱ्याची ही एक लहर. इतक्या वर्षांत आपलं गाव त्यांनी त्या घरात आणलं ते एवढंच.

मग तिथल्या लोकांना त्यांचा संशय आला. तिथल्याच एका मित्राने जिवावर उदार होऊन त्यांना बाहेर काढलं. परतल्यावर त्यांनी त्या मित्राचं नाव स्वतःच्या खात्यालाही सांगितलं नाही. आणि आता, इतक्या वर्षांनी, फोनवर एक बाई रडत होती. म्हणत होती, मी तुमची मुलगी. आधी तिने गाड्यांचे फोटो मागितले. आता ती ते नाव मागत होती. नाव दिलं तर हे लोक मला तुम्हाला भेटू देतील, असं सांगत होती.

"साहेब, तो अजून हयात आहे," काकाजी म्हणाले. "त्याला नातवंडं असतील. पण ती रडते तेव्हा त्याचं नाव माझ्या दातांपर्यंत येतं."

बाई भाडोत्री आहे याबद्दल मला शंका नव्हती. असले आवाज मी फसवणुकीच्या कितीतरी गुन्ह्यांत ऐकले होते. मी म्हटलं, काकाजी, तिला असं काही विचारा जे तुम्ही आणि मुलगी सोडून कोणाला माहीत नाही. खोटी निघाली की तुम्ही सुटाल आणि तुमचा मित्रही.

"नको," ते म्हणाले. "खोटी निघाली तं मले रोज दुपारी कोण अब्बा म्हणन?"

मी ऐकलं नाही. पथक यायच्या आत प्रकरण उलगडलं तर बरं दिसेल, हेही मनात होतं. मी समजूत घालत राहिलो. मित्राच्या नातवंडांची आठवण करून दिली. शेवटी ते म्हणाले, निघालो त्या दिवशी ताटलीखाली काय होतं, ते विचारतो. काय होतं, ते मलाही सांगितलं नाही. उत्तर बरोबर असलं तर माझ्या तोंडावर दिसेल, म्हणाले.

वरिष्ठांची परवानगी घेतली. दुपारी फोन वाजला. स्पीकर चालू करून मी संभाषण ध्वनिमुद्रित करायला लावलं. दाराशी हवालदारताई उभ्या होत्या.

"बेटा," त्यांनी विचारलं, "उस दिन थाली के नीचे क्या था?"

पलीकडे कोणीतरी पुरुष काहीतरी पुटपुटला. मग ती बोलली.

"कुछ नहीं था, अब्बा. कटोरी ख़ाली थी. मैं शाम तक पूछती रही, मीठा है कि नमकीन. आप थे ही नहीं."

मी काकाजींच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिथे पाहवेना म्हणून खिडकीबाहेर पाहिलं. पोर ओळखण्यात गुंतून राहावी म्हणून त्यांनी रिकामी वाटी झाकली होती आणि मागच्या दाराने निघाले होते. ती खरी होती. ती खरी निघाली तर काय, याचा मी विचारच केला नव्हता.

"अब नाम बता दीजिए, अब्बा," ती म्हणाली. सांगून वदवलेलं वाक्य वाटत होतं ते.

काकाजींनी डोळे मिटले. "आज भी ख़ाली है, बेटा," ते म्हणाले, आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. खालून तिचा आवाज येत राहिला. ताई माझ्याकडे पाहत होत्या. मी हात पुढे केला आणि फोन बंद केला. मुद्देमाल म्हणून तो सील झाला.

पथक आलं, जबाब झाले. रिकाम्या रुळांत गुन्हा सापडला नाही, आणि काकाजींची चौकशी थांबली. मोबाईल मात्र मुद्देमालातच अडकून राहिला. मी त्यांना नंतर पुलावर बसलेलं पाहिलं. जवळ जाऊन उभा राहिलो. माफी मागायला आलो होतो.

तेच म्हणाले, "साहेब, संध्याकाळपर्यंत तिनं ताटली उचललीच नव्हती. आठवते का, काय म्हणाली? शाम तक पूछती रही."

त्या प्रकरणाने मला शिकवलं ते खात्यात कोणी शिकवत नाही. खरं शोधून काढणं हे माझं काम होतं आणि ते मला चांगलं येत होतं. पण खरं काय ते कळल्यावर जगायचं कसं, हा प्रश्न समोरच्याच्या पदरात टाकून मी दरवेळी डायरी बंद करत आलो होतो. त्या दिवशी ती बंद करताना हात थांबला, तो पुढे नीट चाललाच नाही.

इथे अमरावतीत शेजारच्या पोरी आश्विनात डबा घेऊन येतात. काका, वळखा. वासावरून मला बहुतेक वेळा कळलेलं असतं. तरी मी गोड का तिखट, कोरडं का ओलं, असं विचारत राहतो. पोरी वैतागतात, मला चिडवतात, पण जात नाहीत. अंधार पडेपर्यंत तिथेच उभ्या असतात.