भिंतीतली बाई

एरंडोलला आमच्या शेजारी राहणाऱ्या अक्का बाईचं चित्र काढायच्या ते पायांपासून. आधी चांगली पसरट पावलं, मग पोटऱ्या, मग कंबर. चेहरा अगदी शेवटी, आणि कधीकधी तोही राहून जायचा. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "तोंड तर बठ्ठाच दखतस." म्हणजे, तोंड काय, सगळेच बघतात.

श्रावणात कानबाई देवी बसायची, त्याआधी घरोघर भिंतींना चुना लागायचा. अक्का आपल्या घरी देवीच्या मागच्या भिंतीवर दरवर्षी एक बाई रंगवायच्या आणि पुढच्या श्रावणात स्वतःच्या हातानं तिच्यावर चुना फिरवून नवी काढायच्या. कापूस वेचून रुंद झालेले खांदे, बाळंतपणाच्या रेषा उमटलेलं पोट. देवीमागे असलं काही काढतात का, म्हणून गल्लीतले पुरुष नाकं मुरडायचे. अक्का ढिम्म हलायच्या नाहीत.

मी तेव्हा लग्नाची झाले होते आणि अंगानं ताडमाड. आलेली स्थळं उंची बघूनच परत जायची. आई रस्त्यातसुद्धा पुटपुटायची, जरा वाकून चाल. वाकून वाकून मला पोक यायची वेळ आली होती. आपलं हे अंगच चुकीचं, असं मला खरंच वाटायचं.

त्या वर्षी अक्कांनी मला भिंतीला पाठ लावून उभं केलं. मी सवयीनं खांदे पाडले. त्यांनी कुंचला खाली ठेवला आणि पाय पसरून बसल्या. म्हणाल्या, "भिंत उंच शे, तू कसाले वाकस?"

मला रडूच फुटलं. मग डोळे पुसले आणि सरळ उभी राहिले. भिंतीवरची मी थेट छताला टेकली. कानबाईच्या दिवशी आईनं देवीला हळद-कुंकू वाहिलं आणि जाता जाता एक बोट त्या रंगवलेल्या पावलांनाही लावलं. वाकून चाल, असं त्यानंतर ती कधी म्हणाली नाही.

पुढे लग्न होऊन धुळ्याला गेले. नवरा माझ्या कानापर्यंत येणारा, पण माणूस भला. श्रावण जवळ आला तसा माझा जीव तुटायला लागला, आता माझ्यावर चुना फिरणार. माहेरी आले तेव्हा अक्कांना तसं बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "चुनाखाले शेच ना तू. कोठे जाशी?"

अक्का गेल्या. पावसानं फुगलेली ती मातीची भिंत त्यांच्या मुलानं पाडली आणि विटांची बांधली. त्याचं काही चुकलं नाही, तरी मला फार लागलं. गेल्या श्रावणात त्या घरी गेले आणि कुणी नाही असं बघून नव्या भिंतीला पाठ लावून उभी राहिले. खांदे आपोआप सरळ झाले. समोर कुंचला घेऊन बसलेल्या अक्का तेवढ्या नव्हत्या.