तुळस उष्ण असते

बाबांना लकवा झाला त्याला पाच महिने झाले होते. उजवा हात गेला आणि बोलण्यातून एकच शब्द उरला, "नक्को". जेवण नक्को, गोळी नक्को, आई जवळ गेली तरी नक्को. डाव्या हाताने ताट भिरकावायचे. गौलीगुड्याच्या गर्दीत जन्मभर ऑटो चालवूनही कधी कुणाला शिवी न दिलेला माणूस. आई भिंतीकडे तोंड करून रडायची आणि मग माझ्याकडे बघायची. मी आयुर्वेदाच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. हिला काहीतरी माहीत असेल, असं सगळ्यांना वाटायचं.

मला काहीच माहीत नव्हतं. ते सांगायचं धाडस झालं नाही.

वरच्या वर्गातल्या एका मुलीची वनस्पतींच्या गुणांची वही मी मागून आणली. लकवा वाताचा, पण हा राग पित्ताचा, असं माझं मीच ठरवलं. घरात थंड गुणाची झाडं ठेवली तर घर शांत होईल. ब्राह्मी, वाळा, कोरफड. चिक्कडपल्लीतल्या आमच्या दोन खोल्यांना हातभर गॅलरी, आणि तिच्या एकाच कोपऱ्यात ऊन. तिथे आईची तुळस होती. वहीत लिहिलं होतं : तुळस उष्ण, पित्त वाढवणारी.

"तुळस गरम?" आई म्हणाली. "काय बोलतीस गं? तुळशीनं कुणाचं वाईट झालंय?"

"पुस्तकात आहे, आई."

मग आई कुंडी स्वतःच उचलून वरच्या मजल्यावरच्या तेलुगू आंटींकडे घेऊन गेली. मी मागे होते. आंटी हसून मला म्हणाल्या, "क्या डॉक्टरम्मा, तुलसम्मा को भी डिस्चार्ज कर दिये?" मला ते 'डॉक्टरम्मा' आवडलं होतं. आता लिहिताना लाज वाटते.

ब्राह्मी पसरट ताटलीत लावली, वाळा तुटक्या बादलीत, आणि तुळशीच्या कोपऱ्यात कोरफड. आठवडाभरात बाबा जास्तच बिघडले. सकाळी आंघोळ झाली की गॅलरीत जाऊन ओरडतात, असं आई सांगायची. मी तोवर कॉलेजच्या बसमध्ये असायचे. झाडं कमी पडताहेत असं वाटून मी आणखी ब्राह्मी आणली. बाबांनी ती लाथेने उडवली.

मग एकदा सुट्टी आली आणि मी सकाळी घरी होते. बाबा पाय ओढत गॅलरीत आले. डाव्या हातात तांब्या होता. कोपऱ्यातल्या कोरफडीकडे त्यांनी पाहिलं, मग इकडे तिकडे पाहिलं, मागे, खाली. "नक्को, नक्को." तांब्या कलला आणि पाणी त्यांच्याच पायांवर सांडलं.

मी आत जाऊन आईला विचारलं.

"दवाखान्यातून आल्यापासून रोज तेच घालायचे तुळशीला पाणी," ती म्हणाली. "स्वतःच्या हातानं तेवढं एकच तर करायचे."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू शिकलेली. मला वाटलं, त्याचाही विचार केला असशील."

मी जिन्यावरून धावत वर गेले. आंटी आठ दिवस गावाला जाऊन कालच परतल्या होत्या. तुळस गच्चीवर होती, उन्हात. पानं सगळी गळालेली, नुसत्या काड्या. आंटी पुन्हापुन्हा माफी मागत होत्या. त्यांची काय चूक होती?

कुंडी खाली आणून जागेवर ठेवली. बाबांनी त्या काड्यांवर पाणी घातलं. अर्धं फरशीवर गेलं. मी हात लावायला गेले तर "नक्को". त्या दिवशी ते ओरडले नाहीत, पण संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिले. नवीन रोप आणते म्हटलं, त्यालाही नक्को.

आता मी उशिराची बस धरते. बाबा पाणी घालून आत गेले की नखाने खोडाची साल जराशी खरवडून बघते. काल आत किंचित हिरवं दिसलं. की मला दिसायला हवं होतं म्हणून दिसलं, कोण जाणे. आईने विचारलं, "जगेल ना गं?" यावेळी मी सांगितलं, मला माहीत नाही.