पाटीवरचं पाच हात पाणी

दुष्काळात पाणी असलेल्या गावांवर माझा पटकन विश्वास बसत नाही. काही वर्षांपूर्वी याच ब्लॉगवर मी एका आदर्श गावाचं तोंडभरून कौतुक केलं होतं. नंतर कळलं की तिथलं शेततळं पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी टँकरने भरलं होतं. त्यामुळे या एप्रिलमध्ये लातूर जिल्ह्यातल्या एका गावाचा व्हिडिओ फिरत फिरत माझ्याकडे आला, तेव्हा मी तो कुणालाच पुढे पाठवला नाही. आसपासची सगळी गावं टँकरवर, आणि इथे म्हणे शेतकऱ्यांनीच चर खणून, बांध घालून विहिरींत पाणी टिकवलेलं. मी चार दिवसांची रजा टाकली आणि सामानात कपडे वाळत घालायची लांब दोरी भरली.

पुण्याहून लातूरला रात्रीच्या ट्रॅव्हल्स भरपूर आहेत, पण मला शिवारं बघायची होती म्हणून दिवसाची एसटी घेतली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्च फार नाही. बार्शी सोडल्यावर दोन्ही बाजूंची रानं करपलेली दिसू लागतात. मुरुडला चहाला थांबलो, तर हॉटेलवाल्याने पाण्याचा जग उचलून आत नेऊन ठेवला. पाणी मागितलं तर मिळेल, असं आपणहून म्हणाला. लातूरला स्टँडजवळच्या लॉजमध्ये अंघोळीला एक बादली मिळते, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. सकाळी गाड्यावर सुशीला खाल्ला, चुरमुऱ्यांचा, वर भरपूर शेंगदाणे. तो चुकवू नका.

उदगीरच्या गाडीने मी एका फाट्यावर उतरले. गावाचं नाव लिहीत नाही, त्याचं कारण पुढे येईल. फाट्यावरच्या टपरीत उदगीर जिल्हा होणार की नाही यावर चर्चा चालली होती. मी गावाचं नाव घेताच सगळे माझ्याकडे वळले. टपरीवाल्याने विचारलं, "प्लॉटिंगवाल्या का तुमी?" नवा जिल्हा होणार या बोलण्यावरच जमिनी बघणारे लोक इकडे फिरू लागले होते. मी नाही म्हटलं. ते त्याला पटलं नसावं.

गावात शिवलिंगअप्पांनी तर माझं आधार कार्डच मागितलं. अप्पा साठीतले, कपाळावर भस्म, बोलणं तुटक. बांधबंदिस्तीचं काम त्यांनीच सुरू केलं होतं. डोंगरउतारावर आडवे चर खणायचे तर कुणाची तरी जमीन जाणार. त्यांनी पहिला चर स्वतःच्या रानातून नेला आणि मग बाकीच्यांना विचारलं. व्हिडिओ फिरल्यानंतर खासगी टँकरवाले विहिरी भाड्याने मागायला आले होते, म्हणून नवीन माणूस दिसला की आता गाव आधी चौकशी करतं. गावाचं नाव छापायचं नाही या अटीवर त्यांनी मला ठेवून घेतलं. अप्पांच्या घरी ज्वारीची भाकरी, पिठलं आणि शेंगदाण्याची चटणी असं जेवण झालं. पैसे घेतले नाहीत.

दुपारी त्यांनी शिवार दाखवलं. चर खरे होते, ओढ्यातले दगडी बांधही खरे होते, बांधांमागे गुडघाभर गाळ साचलेला. मग आम्ही त्यांच्या मोसंबीच्या बागेत गेलो आणि मी थबकले. सगळी झाडं वाळलेली होती. ग्रामसभेचा नियम असा, की गावाच्या तीन विहिरींतलं पाणी सहा हातांच्या खाली गेलं की शेतातल्या सगळ्या मोटारी बंद, उरलेलं पाणी फक्त पिण्याला आणि जनावरांना. होळीच्या आधीच पाणी सहा हातांच्या खाली गेल्याचं शाळेच्या भिंतीवरच्या पाटीवर लिहून आलं, आणि अप्पांनी सगळ्यांत आधी आपली मोटार बंद केली. आठ वर्षांची बाग होती.

ही पाटी दर सोमवारी कांताबाई लिहितात. पन्नाशीच्या, बौद्ध वस्तीतल्या, तीन एकर कोरडवाहूच्या मालकीण. दगडी बांधांवर बायकांची टोळी त्यांनीच उभी केली होती. विहिरीत दगड बांधलेली दोरी तळापर्यंत सोडायची, वर ओढायची आणि ओली झालेली दोरी हाताने मोजायची, अशी साधी पद्धत. मोजतात त्या एकट्याच. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. पाटीवर पाणी वाढवून लिहीत असतील, पाहुण्यांसाठी.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी मी माझी दोरी घेऊन विहिरीवर गेले. आदल्याच दिवशी पाटीवर 'पाच हात' लिहिलं गेलं होतं. माझी दोरी सात हात ओली निघाली. माझा हात आखूड असेल म्हणून पुन्हा मोजलं. मग पाणी भरायला आलेल्या एका उंच बाईंना मोजायला लावलं. त्यांचेही पावणेसात भरले. दुसऱ्या विहिरीवर तोच फरक. मी वाढवलेला आकडा पकडायला आले होते आणि आकडा तर कमी करून लिहिलेला निघाला.

कांताबाई दारात ज्वारी पाखडत बसल्या होत्या. मी दोरी समोर ठेवली आणि काय मोजलं ते सांगितलं. त्यांनी सूप थांबवलं नाही. पाखडता पाखडताच म्हणाल्या, "हाव. दोन हात कमी लिवते मी."

मग त्यांनी कारण सांगितलं. मागच्या दुष्काळात त्यांनी खरे आकडे लिहिले होते. पाणी आहे असं दिसलं की लोक रात्रंदिवस मोटारी चालवत, आणि महिनाभरात विहिरी आटल्या. त्यांच्या वस्तीची विहीर सगळ्यांत वरच्या अंगाला, ती पहिली आटली. वस्तीतल्या बायकांना दोन मैलांवरून पाणी आणावं लागलं, वाटेत त्यांची थोरली जाऊ उन्हाने पडली आणि पुढे अंथरुणातून उठलीच नाही. "नियम सहा हातांचा केला, पर सहा हात पुरत न्हाईत," त्या म्हणाल्या. "ते सभंत सांगितलं व्हतं. कुणी ऐकलं न्हाई."

मी अप्पांच्या बागेबद्दल विचारलं. सूप थांबलं. रोज त्या बागेवरूनच रानात जाते, एवढंच त्या म्हणाल्या.

मी हे लिहिणार, असं मी सांगितलं. आवाज थोडा कडकच निघाला माझा, आता आठवून बरं वाटत नाही. त्या उठल्या, पदर खोचला. "तुमी लिवायच्या आदी मी सांगते त्यास्नी."

अप्पा गोठ्यात होते. कांताबाईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. अप्पांनी फक्त "कवापास्नं?" असं विचारलं. शिवरात्रीपासून, त्या म्हणाल्या. अप्पांनी बादली खाली ठेवली, हात धुतले, टॉवेल खांद्यावर टाकला आणि बागेच्या दिशेने चालू लागले. जेवायला आले नाहीत. त्यांच्या सूनबाईंनी मला वाढलं, पण ताट ठेवून लगेच आत निघून गेल्या. माझ्या येण्यानेच हे घडलं होतं, तेव्हा त्यांचंही बरोबरच होतं.

सकाळी शाळेपुढे गाव जमलं. कांताबाईंना कामावरून काढा, असं दोघातिघांनी म्हटलं. बाकीच्यांना एकच दिसत होतं: पाणी सात हात, म्हणजे नियमाने मोटारी सुरू करता येतात. अप्पांनी कांताबाईंची बाजू घेतली नाही. त्यांच्याकडे पाहिलंही नाही. शेवटी ते उठले.

"झाडं गेली माजी. ती कुणाला भरून देता येत न्हाईत," ते म्हणाले. "पर मी मोटार चालू करत न्हाई. हितून पुढं दोगं मोजतील, दोन वस्त्यांतले. कांताबाई एक."

दोघांनी तरीही मोटारी सुरू केल्याच. मी गाव सोडलं तेव्हा त्यांतल्या एकीचा आवाज फाट्यापर्यंत येत होता. परतताना उदगीरहून नांदेडला गेले, रस्ता बराच खराब आहे, हाताशी वेळ ठेवा. नांदेडहून पुण्याची रेल्वे सोयीची.

घरी येऊन हे लिहायला दोन महिने लागले. अप्पा आणि कांताबाई दोघांनाही विचारून लिहिते आहे. मेअखेर वस्तीची विहीर आटली आणि काही दिवस तिथे टँकर आला. उरलेल्या दोन टिकल्या. कांताबाईंचा अंदाज खरा होता, आणि त्यांनी लिहिलेला आकडा खोटा होता. या दोन्ही गोष्टी मला एकत्र ठेवता येत नाहीत, आणि एकही सोडता येत नाही. दोरी टाकल्याचा मला पश्चात्ताप नाही, पण टँकरपुढे रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांत कांताबाईही असणार, हे मनातून जात नाही.

परवा त्यांना फोन केला. अप्पा अजून बोलत नाहीत, पण सोमवारी मोजणी चालू असताना विहिरीवर येऊन उभे राहतात, असं त्या म्हणाल्या. बागेच्या जागेवर त्यांनी तूर पेरली आहे. मी विचारलं, आता पाटीवर खरं लिहिता ना?

"लिवते की," त्या म्हणाल्या. "आता खोटं लिवायचं म्हणलं तर दोगांचं जमावं लागंल."