करटुल्यांचा काठ

हवा भरून फुगवायची कयाक मी पन्नाशीत घेतली. गुडघ्यांमुळे चालणं जमेना, म्हणून रविवारी सकाळी हिप्परगा तलावावर जाऊ लागले. नवरा पंप मारून द्यायचा आणि काठावर पेपर वाचत बसायचा. मी लाइफ जॅकेट घालून उत्तरेच्या काठापर्यंत जायची. तरंगणाऱ्या बाटल्या, पिशव्या गोळा करून आणायची आणि त्याचा मला फार अभिमान होता.

उत्तरेच्या काठाला गाडीरस्ता नव्हता. तिथे बोरी-बाभळींवर करटुल्यांचे वेल चढलेले असत. जवळच्या वस्तीवरची एक मावशी तिथे शेळ्या चारायची, करटुली तोडायची आणि बाजाराला न्यायची. पहिल्याच दिवशी तिने माझ्या ओंजळीत करटुली टाकली. पुढे शिकवलंही. कोवळी तेवढीच घ्यायची, वेलावर चार पिकायला ठेवायची, कंदाला हात लावायचा नाही. एका बिनफळाच्या वेलाकडे मी बोट दाखवलं, तर म्हणाली, "त्यो नर हाय. त्याच्याबिगर दुसऱ्या येलाला फळ धरत न्हाय."

हे सगळं मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. फोटो टाकले. वेल कंदापासून दरवर्षी फुटतो, हेही लिहिलं. कुणीतरी विचारलं म्हणून नकाशावरची जागाही पाठवली. खूप जणांनी कौतुक केलं, आणि मला ते आवडलं.

मग दोन रविवार मी लेकीकडे होते. परत येऊन पलीकडे गेले, तर वेल ओरबाडलेले आणि बुंध्यांशी खड्डे. शेतातून गाड्यांच्या चाकोऱ्या काठापर्यंत आलेल्या. मावशी बांधावर बसली होती.

"कंदच नेलं की, बाई," ती म्हणाली.

मला लगेच कळलं. तोंडातून मात्र निघालं, "लोक असेच असतात, मावशी."

उरलेली मूठभर करटुली तिने मलाच दिली आणि मी ती घेतली. घरी आल्यावर चिरायला बसले, पण चिरवेनात. नवऱ्याने विचारलं, तेव्हा त्यालाही धड सांगितलं नाही. ग्रुपवरचा मजकूर तेवढा पुसून टाकला.

तिला सांगायला मला महिना लागला. त्या दिवशी कयाक नेली नाही. वस्तीपर्यंत रिक्षाने गेले आणि दारात उभ्या उभ्याच सांगितलं. ती शेळीला पाला घालत होती.

"तवाच सांगायचं की," ती म्हणाली. "मी माझ्या जावंवर आळ घेतला. तिनं कुणाला तरी जागा दावली म्हनून. तवापासनं बोलत न्हाय आमी."

जाऊ शेजारच्याच घरात राहत होती. मी तिच्याकडे जाऊन, मावशीच्या समोर, चूक माझी होती असं सांगितलं. जाऊ भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. भाकरी तव्यावर टाकून मावशीला म्हणाली, "आता तरी पटलं न्हवं?" मावशी चुलीजवळ बसली आणि जळण पुढे सारू लागली. मी निघाले तेव्हा दोघी तशाच बसलेल्या होत्या.

ग्रुपवर मी खरं काय ते लिहिलं आणि कंद परत मागितले. तिघींनी कुंड्यांतून काढून दिले. बाकीच्यांनी वाचून सोडून दिलं. एकीने तर विचारलं, रानातलं कुणाच्या मालकीचं असतं का? ते तीन कंद मावशीने आणि मी मिळून लावले. पुढच्या वर्षी दोन फुटले. काठावर पूर्वी टोपलं भरायचं, तिथे आता ओंजळभर करटुलीही निघत नाहीत.

जावा पुन्हा बोलू लागल्या आहेत, हे मला मावशीनेच सांगितलं. मी अजून जाते. ती माझ्याशी चांगलं बोलते, पाणी देते, गुडघ्याची चौकशी करते. परवा तिच्या ओटीत कसलीशी वेगळी भाजी होती. कुठे मिळाली, असं सहज विचारलं.

"हितंच की, कुटंतरी," ती म्हणाली आणि शेळ्यांमागे चालू लागली.