पोस्टाच्या भिंतीवरचं कबूतर

पेंटरचं सगळं आयुष्य पाट्या रंगवण्यात गेलं. अक्षर असं वळणदार, की लोक दुकानात शिरण्याआधी पाटीच दोनदा वाचत. चित्राचं नाव काढलं की मात्र तो विषय बदलायचा. त्यामुळे पोस्टमास्तर बाई जेव्हा म्हणाल्या, "पेंटर, या भिंतीवर चिठ्ठी नेणारं कबूतर काढा. एकेकाळी राजेरजवाड्यांचं टपाल कबुतरंच तर नेत होती," तेव्हा 'नाही' म्हणायला उघडलेल्या तोंडातून 'हो' कसं निघालं, हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

दोन दिवस खपून त्याने कबूतर काढलं. तिसऱ्या दिवशी रांगेतले एक आजोबा चष्मा सारखा करत म्हणाले, "कोंबडी झकास आलीय हो!"

रांग खो खो हसली. पेंटरने भिंतीवर पांढऱ्या रंगाचा हात मारला.

"साठी आली, पण कबूतर कधी नीट बघितलंत?" घरी बायको म्हणाली. तिचं कबुतरांशी हाडवैर. वाळत घातलेल्या कपड्यांची वाट लावतात म्हणून ती झाडू घेऊनच धावायची. नेमकी त्याच संध्याकाळी बाल्कनीतल्या फुटक्या बादलीत दोन अंडी सापडली.

"हात लावू नकोस, मला नमुना हवाय."

"चित्र होईपर्यंतच हं!"

मग पेंटर रोज वही-पेन्सिल घेऊन दाराआड स्टूल टाकून बसू लागला. राखाडी म्हणजे नुसतं राखाडी नसतं. मानेवर ऊन पडलं की हिरवं-जांभळं चमकतं. पाय डाळिंबी, डोळा नारिंगी. हळूहळू बायकोही चहा घेऊन शेजारी टेकू लागली. दिवसभर अंड्यांवर नर बसतो, हे पेंटरनेच तिला सांगितलं आणि पस्तावला.

"शिका काहीतरी! आपली पोर तासभर तरी सांभाळलीत कधी?"

एकदा कावळा आला, तर बाईसाहेब झाडू घेऊन त्याच्यावरच धावल्या.

पिल्लं उडाली तोवर वही भरली होती. पेंटरने भिंतीवर राखाडी कबूतर उतरवलं.

"पांढरं नाही काढलंत?" पोस्टमास्तर बाईंनी विचारलं.

"पांढरं मी बघितलेलं नाही, बाई."

आठवड्याने एका म्हातारबाईंनी त्या भिंतीवर छत्री उगारली, "हुश! हुश!" रांगेत उभ्या पेंटरला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं.

आता वाचनालयाने त्याच्याकडे घुबड मागितलंय. त्यालाही तो 'हो' म्हणून बसलाय, आणि घुबडं राहतात कुठे, याची चौकशी चालू आहे.