जोर वाढवलेलं इंजिन

जळोचीच्या आमच्या फिटर तात्यांना जगातलं काहीही कमजोरच वाटतं. चहाचा घोट घेऊनही म्हणतात, "जोर न्हाय ह्यात." उसाचे डबे ओढणारं एक जुनं वाफेचं इंजिन त्यांनी भंगारातून आणलं आणि जोर वाढावा म्हणून त्याला मोठे सिलिंडर बसवले. वाफ तयार करणारा बॉयलर तेवढा जुनाच, इवलासा ठेवला. मला यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणूनच माझ्यावर आधीच भरवसा नसलेल्या इंदापूरच्या सासऱ्यांपुढे मी छाती ठोकून सांगितलं, "मामा, रुळावरचा चढ हसत चढंल!"

इंजिन चार हात गेलं. असेल नसेल ती वाफ सिलिंडरांनी गिळली आणि ते थांबलं. शेवटी मामा माझ्याकडे रोखून बघत मागून ढकलू लागले, शेजारी मी. इंजिन हललं तसे तात्या वरून खुशीत ओरडले, "बघा पावणं, वाढला का न्हाय जोर?"