शंभर औषधं आणि एक नळकांडं

हैदराबादेत औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत मी काचेच्या चिपवर काम करायचो. चिप टपाल तिकिटाएवढी, तिच्यातल्या नळ्या केसाएवढ्या. जंतूंचा एक थेंब सोडला की शंभर औषधं एकदम तपासून व्हायची. भालकीजवळच्या आमच्या गावी सुट्टीला गेलो, तेव्हा एक बाद झालेली चिप मोठ्या ऐटीत वडलांना, म्हणजे अप्पांना दाखवली. अप्पांचा जन्म मेंढरांमागं गेलेला. त्यांनी ती उन्हात धरली.

"एका रोगाला शंभर औषधं शोधायलास व्हय? तवर मेंढरू मरून जाईल की. माझ्याकडं शंभर रोगाला एकच औषध हाय."

मी हसलो आणि हसता हसता खोकलो. तेवढंच चुकलं. आईनं माझे हात धरले. अप्पांनी मेंढरांना औषध पाजायचं बांबूचं नळकांडं माझ्या तोंडात घालून कडू काढा ओतला.

खोकला सकाळपर्यंत गेला. त्याचाच मला अजून राग येतो.